आभाळबघ्याचा उपास

३ मार्च

प्रिय बाबा,

परवा फोनवर आपलं जे झालं त्याला बोलणं म्हणायचं की नाही, मला ठरवता येत नाही. तुम्ही नेहमीसारखे कुजबुजत होता आणि मी नुसती "काय? काय?" करत होते. जन्मभर विंगेतल्या स्टुलावर बसून नटांना वाक्यं पुरवलीत, प्रॉम्प्टरचा आवाज मोठा होणार नाही हे मला कळतं, पण फोनला विंग नसते. शिवाय माझं वाक्य अर्ध्यावर आलं की पुढचे शब्द तुम्हीच सांगून मोकळे होता. मी म्हणाले, "मत्स्यालयात मला," आणि तुम्ही म्हणालात, "कंटाळा आलाय." मला कंटाळा आलेला नाही. मला आता कायम करणार आहेत. म्हणून हे पत्र. पत्रात कोणाला मध्ये तोंड घालता येत नाही.

तर ऐका. तळाशी राहणाऱ्या माशांच्या टाक्या माझ्याकडे आहेत. त्यातल्या अगदी शेवटच्या टाकीत एकच मासा आहे, त्याला आम्ही आभाळबघ्या म्हणतो. त्याच्या सगळ्या घराण्यालाच हे नाव शोभेल. रूप विचारू नका. डोकं विटेसारखं चौकोनी, तोंड उभं, म्हणजे ओठ वर आभाळाकडे, आणि डोळे थेट टाळूवर. पिल्लं असताना हे मासे समुद्रात वरवर तरंगत असतात आणि तेव्हा डोळेही चारचौघांसारखे दोन बाजूंना असतात. मोठे व्हायला लागले की तळाशी उतरतात, डोळे वर सरकतात आणि मग सगळा जन्म वाळूत. अंग वाळूखाली, वर दोन डोळे आणि ओठांची झालर, ती वाळू तोंडात जाऊ नये म्हणून. लांब पोहणं याला जमत नाही. शिकारीलाही कुठे जात नाही. तोंडातून गांडुळासारखा एक मांसाचा तुकडा बाहेर काढतो आणि हलवत बसतो. कोणी भुलून जवळ आलं की खेळ खलास. तोंड उघडलेलं दिसत नाही, समोरचा मासा नसलेला तेवढा दिसतो. कल्ल्यांच्या मागे दोन विषारी काटे आहेत, आणि अंगात थोडी वीजही आहे, पण ती त्याला नक्की कशाला लागते हे पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही अजून छातीठोकपणे सांगता आलेलं नाही.

मला तो फार आवडतो. लोकांना मात्र तो दिसतच नाही. येतात, काचेवर टकटक करतात, "रिकामी आहे" म्हणतात आणि शेजारच्या रंगीत माशांकडे जातात. अभिप्रायाच्या वहीत कोणीतरी लिहिलं की वाळू दाखवायची तर आम्हाला इथे कशाला बोलावलंत. आमच्या व्यवस्थापक मॅडम वैतागल्या. म्हणाल्या, मासा तरी दाखवा नाहीतर टाकी तरी मोकळी करा.

मग मी डोकं चालवलं. बारीक वाळू सगळी उपसून काढली आणि तळाला शिंपल्यांची जाडी भरडी कच घातली, पांढरीशुभ्र. त्यात त्याला शिरताच येत नाही. आता साहेब सगळ्यांसमोर उघड्यावर बसलेले असतात. काल टाकीपुढे एवढी गर्दी झाली की पोरांना खांद्यावर घ्यावं लागलं. मॅडमनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. दारावर लावायच्या मोठ्या चित्रात पण त्यालाच घेणार आहेत.

आईला सांगा, मुलीनं नाव काढलं.

तुमची
टिटवी

११ मार्च

टिटवे,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझी आई म्हणाली, "कुजबुजू नका, नीट वाचा." शेवटी तिनंच वाचलं. त्या माशाचं रूप ऐकून तिला तुझ्या थोरल्या काकांची आठवण झाली. मी म्हटलं, पुढे वाच, माझाच भाऊ आहे.

डोळे मोठेपणी वर सरकतात हे वाचून गंमत वाटली. तुझे लहानपणीच डोक्यावर होते. पण खरं सांगू, तुझा फार अभिमान वाटला. मॅडमनी पाठ थोपटली म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढू नकोस एवढंच. वरून पडलं की लागतं.

आता माझी बातमी. कंपनीनं नटांच्या कानात घालायचं एक यंत्र आणलंय. शेंगदाण्याएवढं आहे. मागे एक मुलगी बसते आणि त्यातून वाक्यं सांगते. तेव्हा स्टूल नको आणि स्टुलावरचा म्हातारा पण नको. मालकांनी हे फार गोड शब्दांत सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, पाठ दुखतच होती. पाठ दुखत नव्हती, पण त्यांचं पुढचं वाक्य अडलं होतं, ते मी सवयीनं पुरवलं.

या महिन्याच्या चोवीस तारखेला माझा निरोपसमारंभ आहे. तोही रंगमंचावर, प्रयोगाच्या आधी, भरल्या थिएटरात. मी म्हटलं, ऑफिसात करा, चार माणसांत. मालक म्हणाले, इतकी वर्षं अंधारात बसलात, आता लोकांना दिसू द्या. मला भाषणही करायचंय. दहा ओळींचं लिहिलंय आणि पाठ केलंय. आईनं कोट बाहेर काढून उन्हात टाकलाय, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो म्हणून.

तुझा तो आभाळबघ्या जेवतो काय आणि तुम्ही त्याला वाढता कसं, ते सविस्तर कळव. जो हलत नाही त्याच्या जेवणाबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल आहे.

बाबा

२५ मार्च

प्रिय बाबा,

काल तुमचा समारंभ झाला असेल. मला यायचं होतं, सुट्टीही मागितली होती, पण शेवटच्या क्षणी टाकीपासून हलता आलं नाही. आईला मी फोनवर कामाचं कारण सांगितलं. खरं कारण तुम्हाला सांगते. तिला सांगू नका, ती उगाच मला घरी बोलवत बसेल.

आभाळबघ्या जेवत नाही.

वाळू काढल्यापासून त्यानं एक घासही घेतलेला नाही. त्याला वाढायची रीत सोपी आहे. लांब चिमट्यात एक छोटा मेलेला मासा धरायचा, त्याच्या डोळ्यांवरून जिवंत असल्यासारखा हलवत न्यायचा. पूर्वी मी असा नेला की चिमट्याला एक हिसका बसायचा आणि चिमटा रिकामा. प्रत्येक वेळी मी दचकायचे आणि प्रत्येक वेळी मला हसू यायचं. आता तो घास डोळ्यांपुढून जातो, नाकापुढून जातो, तो बघतसुद्धा नाही. कोपऱ्यात काचेला डोकं टेकवून बसतो. कधी उगाच उठतो, अंग ओढत दुसऱ्या कोपऱ्यात जातो. तो फिरला की लोक टाळ्या वाजवतात.

पहिल्या आठवड्यात मी मनाला समजावलं की जागा बदलली, होईल सवय. हे मासे बरेच दिवस उपाशी राहू शकतात हेही खरं. पण आता त्याच्या डोक्यामागची हाडं वर आल्यासारखी दिसतात. मग घास बदलून पाहिले. कोळंबी दिली, जिवंत मासा सोडला. तो जिवंत मासा त्याच्या अंगावरून ये-जा करतोय आणि हा आपला ढिम्म.

आमचे माशांचे डॉक्टर येऊन गेले. कल्ले बघितले, पाणी तपासलं, सगळं ठीक म्हणाले. पोटात जंत असतील म्हणून औषध दिलं. औषध घासात घालून द्यायचं आहे. घासच घेत नाही तर औषध कशात घालू, असं मी विचारलं तर ते म्हणाले, तेही खरंच. मॅडमना मी अजून पुरतं सांगितलेलं नाही. "जरा कमी खातोय" एवढंच बोलले. दारावरचं चित्र काल लागलं. त्यात तो माणसाएवढा मोठा दिसतो आणि खाली लिहिलंय, "या, मला भेटा."

तुमचं सगळं छान झालं असेल. भाषण कसं झालं? सगळं लिहा. इथे चांगलं ऐकायला काही नाही, तुमचं तरी ऐकू दे.

टिटवी

३१ मार्च

टिटवे,

आधी माशाचं. मला वाटतं त्याला रोज तेच ते कंटाळवाणं वाटत असेल. तुझी आई (पाकीट तिनंच फोडलं, लपवता आलं नाही) म्हणते, प्रेमानं चार शब्द बोलून भरव. माझं मत विचारशील तर त्याला थोडं सुगंधी काहीतरी दे. आम्हा दोघांनाही यातलं ओ की ठो कळत नाही हे लक्षात ठेवून वाग.

आता समारंभ. तुला हसायला हवंय ना, मग हास.

पडदा वर गेला तेव्हा मी विंगेत होतो, म्हणजे माझ्या जागी. मालकांनी माझं नाव घेतलं आणि नायकानं मला हाताला धरून बाहेर नेलं. टिटवे, मी त्या रंगमंचाकडे इतकी वर्षं बघत आलो, पण तिथून बाहेर कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. काही दिसत नाही. दिवे तोंडावर येतात आणि समोर नुसतं काळं. मला एकही माणूस दिसत नव्हता आणि सगळ्यांना मी दिसत होतो. कोटाची बाही दिसत होती, माझे हात दिसत होते. ते हात कुठे ठेवायचे असतात हे मी दुसऱ्यांना किती वेळा सांगितलंय. मला माझे सुचेनात.

माईक पुढे आला. दहा ओळी पाठ होत्या. पहिलीच आठवेना. मी सवयीनं विंगेकडे बघितलं. स्टूल रिकामं. तिथे जो बसायचा तो इथे उभा होता. मग तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर पडलं ते तिसऱ्या अंकातलं नायिकेचं वाक्य, "मला असं एकटीला टाकून जाऊ नका." अगदी स्पष्ट, चुकीशिवाय. थिएटर हसून हसून खाली यायची वेळ आली. सगळ्यांना वाटलं मी विनोद केला. मालक अजून सांगत सुटलेत की म्हातारा मोठा मिस्कील.

नंतर तिथेच जेवण होतं. मला मधल्या खुर्चीवर बसवलं, ताट समोर, भोवती सगळी कंपनी उभी, फोटोवाला एका गुडघ्यावर. "घ्या ना, घ्या ना" चाललं होतं. भूक नव्हती असं नाही, दुपारपासून पोटात कावळे ओरडत होते. पण लपायला कुठे जागाच नव्हती गं. असं सगळ्यांच्या नजरेत बसून घास काही घशाखाली उतरेना. पाणी पिऊन घरी आलो.

असा माझा सत्कार झाला. बाकी सगळं मजेत.

बाबा

(हे पाकीट पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून मी खाली चार ओळी लिहिते. मजेत वगैरे काही नाही. त्या दिवसापासून घराबाहेर पडलेले नाहीत. आतल्या खोलीत बसून असतात, ताट वाढलं की थोडं चिवडतात आणि उठतात. मला म्हणतात पित्त झालंय. आणि तुझा मासा जेवत नाहीये हे मला का सांगितलं नाहीस? दोघांनी मिळून मला काय समजलात? आई.)

५ एप्रिल

प्रिय बाबा, आणि आई,

पत्र मत्स्यालयाच्या मागच्या जिन्यात वाचलं. नायिकेच्या वाक्याला मी मोठ्यानं हसले. आणि मग त्या ताटाच्या ओळीशी येऊन थांबले, ती दोनदा वाचली, आणि जिन्यातच बसले.

बाबा, मीच तुमच्या समोर ताट ठेवून भोवती दिवे लावले असं मला वाटलं. म्हणजे त्याच्या समोर. मी त्याला आजारी समजत होते. डॉक्टर पोट तपासतायत, मी घास बदलतेय, आणि त्याला झालेलं काहीच नाही. तो लपलेला असतो तेव्हाच तो शिकारी असतो. वाळू हे त्याचं घर आहे असं मी म्हणायचे, पण वाळू हे त्याचं तोंडच आहे म्हणा ना. ती नसली की उघड्यावर पडलेला, धड पोहता न येणारा एक चौकोनी मासा उरतो, आणि त्याला वाटतं आता आपल्याला कोणीतरी खाणार. अशा वेळी कोण जेवेल? आणि हे मला माहीत होतं. पहिल्या पत्रात तुम्हाला ऐटीत लिहिलं होतं की नाही? करायला गेले एक आणि झालं भलतंच, तेही टाळ्यांच्या गजरात.

तशीच उठून मॅडमच्या खोलीत गेले. डॉक्टर तिथेच होते. त्यांनी सोमवारी त्याला गुंगी देऊन घशात नळीनं अन्न घालायचं ठरवलं होतं. मी विचारलं, त्यातून तो वाचेल का. ते म्हणाले, एवढ्या अशक्त माशाचं सांगता येत नाही, आणि गुंगीतून परत आला नाही तर नाही. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. किती दिवसांचा उपास, कशामुळे, आणि मला ती कच काढून वाळू परत घालायचीय. मॅडमनी पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवलं. त्या तापट नाहीत, ते जास्त वाईट.

त्यांनी विचारलं, "आणि मग लोकांना त्या टाकीत काय दिसेल?"

"काही नाही."

"दारावर एवढं मोठं चित्र लावलंय, 'मला भेटा' म्हणून. आत काही नाही?"

"नाही, मॅडम. पण तो जगेल."

डॉक्टर मध्येच म्हणाले की थांबून बघायला त्यांची हरकत नाही, त्या काट्यांजवळ हात घालायची त्यांनाही हौस नाही. शेवटी असं ठरलं. सोमवारपर्यंत त्यानं घास घेतला तर वाळू राहील. नाही घेतला तर नळी.

जुनी वाळू मी मागच्या अंगणात ढीग करून ठेवली होती, बागेत घालायला अर्धी गेली होती. उरलेली चाळली, सात पाण्यांनी धुतली. काल सकाळी मत्स्यालय उघडायच्या आधी आभाळबघ्याला जाळीनं दुसऱ्या टाकीत घेतलं, कच उपसली, वाळू पसरली, पाणी निवळू दिलं. मग त्याला परत सोडलं. आधी नुसता पडून राहिला. मला वाटलं, उशीर झाला. मग त्यानं दोन्ही पर फावड्यासारखे बाजूला टाकले, अंगाला एक झटका दिला, आणखी एक, आणि वाळूचा ढग उठला. ढग खाली बसला तेव्हा टाकीत कोणी नव्हतं. मी काचेला नाक लावून शोधलं तेव्हा दोन डोळे सापडले, मोहरीच्या दाण्यांपेक्षा थोडे मोठे.

कालपासून तीन वेळा चिमटा नेला. घेतलं नाही अजून. दारावर एक जोडपं भांडून गेलं, म्हणाले चित्रात दाखवता तो मासा कुठाय. मी इथेच टाकीच्या मागे उलट्या बादलीवर बसून हे लिहितेय. जीव टांगणीला लागलाय.

आई, तुला सांगितलं नाही हे चुकलं. बाबा, तुमचं पित्त मला कळलं.

टिटवी

१० एप्रिल

टिटवे,

सोमवार होऊन गेला. काय झालं? आम्हाला इथे काहीच कळायला मार्ग नाही. तुझी आई फोन लावते तर तू उचलत नाहीस, मला तर लावायलाच देत नाही, म्हणते तुमचं तिला ऐकू जात नाही. ती पोस्टमनशी इतकं गोड बोलायला लागलीय की तो बिचकलाय.

तुझं पत्र वाचून मला काय वाटलं ते सरळ लिहितो, विनोद बाजूला ठेवून. पित्त झालेलं नव्हतं. मला लाज वाटत होती. तीनशे माणसांपुढे मी एक ओळ बोलू शकलो नाही, म्हणजे मी इतकी वर्षं दुसऱ्यांना जे सांगत होतो ते मला कधी येतच नव्हतं, असं डोक्यात बसलं होतं. तू माशाबद्दल लिहिलंस आणि मला पहिल्यांदा वाटलं की मला येत होतं, फक्त तिथून येत नव्हतं. तुलना केल्याबद्दल तुझ्या आईनं तुला माफ केलेलं नाही. मी केलंय.

तो जेवला का एवढंच कळव. एका ओळीचं कार्ड टाक. न जेवला असेल तरी टाक.

बाबा

१२ एप्रिल

बाबा, आई,

जेवला.

फोन उचलला नाही कारण मत्स्यालयाच्या तळघरात फोन लागतच नाही आणि वर आले की मी झोपत होते. आता सगळं सांगते.

सोमवारी डॉक्टर नळी, औषधं आणि कोपरापर्यंतचे जाड हातमोजे घेऊन हजर झाले. मॅडमही आल्या. रविवारपर्यंत त्यानं काहीच घेतलं नव्हतं. मी म्हटलं, एकदा, शेवटचं. मॅडम म्हणाल्या, करा. चिमट्यात घास धरला. वाळूवरून एकदा नेला. काही नाही. मॅडमनी विचारलं, तो आहे तरी कुठे. मी बोटानं दाखवलं. त्यांना दिसेना. चष्मा वर केला, वाकल्या, नाक काचेला टेकलं. "इथे? इथे काहीच," एवढं त्या म्हणाल्या आणि वाळू उडाली.

बाबा, आवाज नाही, काही नाही, नुसती वाळू उडाली आणि चिमटा माझ्या हातात हिसकला. मॅडम अशा मागे सरकल्या की डॉक्टरांच्या पायावरच उभ्या राहिल्या. डॉक्टर कळवळले. मी चिमटा वर काढला. रिकामा. खाली वाळू पुन्हा सपाट, जणू काही झालंच नाही. मी तिथेच रडायला लागले, आणि डॉक्टर हातमोजे घातलेल्या हातांनीच माझ्या खांद्यावर थोपटत होते. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला सोमवारी कळलं. संध्याकाळी त्यानं आणखी एक घास घेतला, काल दोन.

मॅडम तडक खोलीत निघून गेल्या. मला वाटलं, आता माझी टाकी गेली आणि बहुतेक मीही. दुपारी त्या स्वतः हातानं लिहिलेली एक पाटी घेऊन आल्या आणि टाकीवर लावायला सांगितली. तीवर लिहिलंय: "या टाकीत एक मासा आहे. तुम्ही त्याला शोधताय तोवर तो तुम्हाला बघतोय."

आता टाकीपुढून माणसं हलत नाहीत. काचेवर टकटक बंद झाली, सगळे दबक्या आवाजात बोलतात. कोणाला डोळे सापडले तर तो शेजारच्याला दाखवत नाही, तूच शोध म्हणतो. काल एका आजोबांना सापडले, ते खुर्ची मागून तिथेच बसले. दारावरचं चित्र काढून टाकलं. मला कायम केल्याचं मॅडमनी जाता जाता सांगितलं, जसं पंपाचं तेल संपलंय सांगावं तसं.

बाबा, तुम्ही जेवताय का?

टिटवी

२२ एप्रिल

टिटवे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. तुझ्या आईनं पाकीट जिन्यातच फोडलं आणि खालूनच ओरडली, "जेवला हो, जेवला." वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, कोण जेवलं? आई म्हणाली, आमच्या मुलीचा मासा. त्या बाई आता आईशी जरा जपून वागतात.

मी बाहेर आलो. दोघांनी उभ्या उभ्या पत्र वाचलं. मग मी म्हटलं, वाढ, मलाही भूक लागलीय. ती माझ्याकडे पाठ करून वाढत राहिली, पण ताटात इतकं वाढलं की मला कळलं. सगळं संपवलं.

दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेलो. भीड भिकेची बहीण, म्हणून उंबऱ्यातच सांगितलं की मला सत्कार नको, फोटो नको, मला माझं स्टूल पाहिजे. ते यंत्राचं बोलायला लागले. नायिका तिथेच होती, ती म्हणाली, यंत्र शब्द बरोबर सांगतं, पण केव्हा सांगू नये ते त्याला कळत नाही. मी रडायच्या आधी थांबते, तर ते कानात पुढचं वाक्य ओतून मोकळं होतं. नायकानं तर दोन प्रयोगांपूर्वीच ते खिशात ठेवून दिलं होतं आणि सवयीनं रिकाम्या विंगेकडे बघत बसला होता. मालकांनी दोघांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माणसाला स्टूल काढायला पाठवलं. अडगळीच्या खोलीत उलटं पडलं होतं.

तुझ्या आईनं पुढच्या महिन्यात तुझ्याकडे यायचं ठरवलंय. मी पण येईन. तुझ्या टाकीपुढे मला एकट्याला थोडा वेळ उभं राहू दे, ओळख वगैरे करून देऊ नकोस.

अक्षर वाकडं आलं असेल तर सांभाळून घे, इथे विंगेत उजेड कमी आहे आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय. दुसरा अंक चालू आहे. कोणाला मी दिसत नाही. आता थांबतो, नायक माझ्याकडे बघतोय.

बाबा